उन्हाळ्यात निघून जाणारे पाहुणे

एप्रिल महिना उजाडला, वार्षिक परीक्षा आटोपल्या, की काकतीच्या मुलांचे पाय आपोआप मार्कंडेय नदीकडे वळतात. त्या दिवसांत नदी म्हणावी असे तिचे रूप उरलेले नसते. येथे एक डोह, तेथे एक डबके आणि मध्ये तापलेले दगडगोटे. या डबक्यांच्या काठी एक लहानसा पक्षी बहुधा एकटाच फिरत असतो. पाठ मातकट तपकिरी, पोट शुभ्र. आणि चालता चालता त्याचा मागचा भाग सारखा खाली-वर होत असतो, जणू काय त्यास कोणी स्प्रिंग बसवून दिली आहे! हा तुतवार. पावसाळा ओसरण्याच्या आधीपासून तो येथे वावरत असतो. नित्य दिसतो, म्हणूनच तो आपल्या ध्यानात येत नाही. आणि मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तो नाहीसा होतो, तेही आपल्या ध्यानात येत नाही.

आठवीतील एका मुलीच्या मात्र ते ध्यानात आले. "सर, पाणी आटले म्हणून तो गेला का?" असे तिने विचारले. उत्तर सोपे वाटले, आणि आम्ही 'होय' म्हणून मोकळे झालो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. "पण सर, मोठ्या डोहात अजून पाणी आहे." आम्ही निरुत्तर झालो. आम्ही शिकवितो भाषा. पक्षिशास्त्राशी आमचा संबंध कोशातील शब्दांपुरता. तथापि मुलांना चुकीचे उत्तर दिल्याची रुखरुख मनास लागून राहिली. पुस्तके चाळली, जाणत्यांस विचारले, आणि शेवटी असे उमगले की, या प्रश्नाचे उत्तर नदीकाठी बसून मिळणारे नाही. त्यासाठी समुद्रावर गेले पाहिजे. गंमत पाहा, मार्कंडेयाचे पाणी घटप्रभेतून व कृष्णेतून पूर्वसमुद्राकडे जाते, तुतवार उत्तरेकडे जातो, आणि त्याचा शोध घेण्यासाठी आम्ही मुलांना घेऊन निघालो ते पश्चिमेस, गोव्यातील मोरजीस!

समुद्रावर जाण्याचे कारण असे. तुतवार हा एका मोठ्या गोतावळ्यातला आहे. उथळ पाण्यात, चिखलात, ओल्या वाळूत पाय बुडवून चरणारे जे पक्षी, त्यांना आपण सोयीसाठी किनाऱ्याचे पक्षी म्हणू. लांब पायांचा शेकाट्या, आखूड चोचीचा चिखल्या, चिमणीएवढा टिलवा, बाकदार लांब चोचीचा कोरल, सरळ लांब चोचीचा पाणटिवळा ही सारी त्यातलीच मंडळी. यांपैकी आपल्या माळावर बारमाही राहणारी, अंडीही येथेच घालणारी, आपल्या परिचयाची एकच: टिटवी. पंचतंत्रात समुद्राने अंडी पळविली म्हणून त्याच्याशी भांडण मांडणारा तो टिट्टिभ हाच. ती कथा रचणाऱ्याने टिटवी नीट पाहिलेली असावी असे आम्हांस वाटते. कारण टिटवी खरोखरच घरटे बांधीत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांत खड्यासारखी अंडी घालते. बाकीचे बहुतेक सगे हिवाळ्याचे पाहुणे. आपल्या नदीवर ते एक-दोनच दिसतात. खाड्यांच्या मुखांशी मात्र शेकड्यांनी जमतात, आणि एप्रिलच्या अखेरीस त्यांची परतीची तयारी अगदी रंगात आलेली असते.

परंतु समुद्रावर केव्हाही गेले आणि पक्षी दिसले असे होत नाही. या पक्ष्यांचा दिनक्रम सूर्यावर नसून चंद्रावर चालतो. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला, की त्यांचे ताट मांडले गेले. भरती आली की ताट उचलले. मग ते ओहोटी भर दुपारी येवो की मध्यरात्री. भरतीची वेळ काढण्याची आमच्या कोकणी माणसांची रीत मोठी सोपी आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीस सहाला, पौर्णिमेस किंवा अमावास्येस पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराला. जागोजागी थोडा फरक पडतो, पण हिशोब सहसा चुकत नाही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, आणि भरतीही तितकीच उशिरा येते. पाऊणपटीचे गमक तेच. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात अवश्य घालावे.

आम्ही २७ एप्रिल २०२५ हा दिवस धरला. त्या दिवशी चैत्रातली अमावास्या होती. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून भरती मोठी येते व ओहोटीही दूरवर जाते. यालाच उधाण म्हणतात. पक्षी पाहणाऱ्यास उधाणाचा फायदा असा की, पहाटे समुद्र खूप मागे हटलेला असतो, आणि मग चढणारे पाणी पक्ष्यांना हळूहळू आपल्याकडे ढकलीत आणते. आपण हलायचे नाही, फक्त बसायचे. मुलांना ही अट समजावून सांगितली होती. समजावून सांगणे वेगळे आणि पाळणे वेगळे, हे पुढे दिसलेच.

आदल्या दिवशी जांबोटी, चोर्ला घाट, सांखळी करीत आम्ही शिवोलीस मुक्कामाला पोहोचलो. सकाळी पूल ओलांडून मोरजीच्या बाजूस, शापोरा नदी समुद्राला मिळते तेथे गेलो. हीच नदी वरच्या अंगास तिळारी म्हणून ओळखली जाते. मुखापाशी वाळूची लांब जीभ पुढे आलेली आहे. याच किनाऱ्यावर समुद्रकासवे अंडी घालण्यास येतात, म्हणून वनखात्याने काही भाग राखून ठेवला आहे. समोर नदीपलीकडे शापोऱ्याचा किल्ला. साडेसातची वेळ, पाणी लांब गेलेले, आणि ओल्या वाळूवर सर्वत्र बारीक बारीक ठिपके हलत होते. आमच्या अकरा जणांत दुर्बीण एकच, तीही मागून आणलेली. प्रत्येकाने साठ आकडे मोजेपर्यंत ती वापरावी असे ठरले. चाळिसाच्या पुढे आकडे फार भराभर मोजले जाऊ लागले, हे सांगणे नकोच.

पहिल्याने ओळख पटली ती चिखल्याची. चार पावले तुरुतुरु पळायचे, खिळल्यासारखे थांबायचे, एकदम वाकून काही टिपायचे. पुन्हा चार पावले. त्याचे डोळे मोठे व चोच आखूड. तो डोळ्यांनी शिकार करतो; किडा वर येऊन हलला, की याने पाहिलाच. तुतवारांची तऱ्हा निराळी. ते चोच शिलाईयंत्राच्या सुईसारखी चिखलात खुपशीत चालतात. त्यांच्या चोचीच्या टोकाशी स्पर्श जाणणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते. न पाहता केवळ चाचपून त्यांना भक्ष्य सापडते. कित्येकांना तर सबंध चोच न उघडता केवळ तिचे टोक उघडता येते, जणू काय चिमटाच! पाण्याच्या अगदी कडेला पांढुरक्या लहान तुतवारांची एक रांग होती. लाट आली की सारे मागे पळत, लाट परतली की तिच्या मागोमाग धावत. मुलांना हा खेळ वाटला. खेळ नव्हे, परतणारी लाट वाळू भिजवून बारीक जीव उघडे टाकते, ते ती पुन्हा येण्याच्या आत टिपायचे असतात.

आता चोचींचा विचार करा. टिलव्याची चोच दीड-दोन सेंटिमीटर, कोरलाची वीतभर जाऊ शकेल इतकी लांब. चिखलाच्या वरच्या थरात बारीक किडे, त्याखाली लहान शिंपले, त्याहून खोल लांबलचक गांडुळासारखे जीव आणि खेकड्यांची बिळे. एकाच चिखलावर दहा जातींचे पक्षी शेजारी शेजारी चरतात आणि तरी पंक्तीत भांडण होत नाही, कारण प्रत्येकाचा वाढा वेगळ्या मजल्यावर आहे. त्याच चिखलात, थोडे दूर, दोन बायका वाकून तिसऱ्या वेचीत होत्या. त्यांच्यापासून बऱ्याच जवळ पक्षी निर्धास्त चरत होते, हे आम्हांस विशेष वाटले. त्यांतील एकीस कोकणीत विचारले, तेव्हा ती म्हणाली की, आम्ही खाली बघतो, ती खाली बघतात, कोणाचे कोणाकडे लक्ष नाही.

पाहता पाहता पाणी चढू लागले आणि थवे सरकत जवळ आले. तेव्हा रंग स्पष्ट दिसले. हिवाळ्यात या पक्ष्यांना कोणी पाहिले, तर सारे एकाच राखी-मातकट रंगाचे वाटतात आणि ओळखताना जाणत्यांचीही तारांबळ उडते. एप्रिलच्या शेवटी मात्र त्यांनी जुनी पिसे टाकून लग्नसराईचा पोशाख चढविलेला असतो. चिखल्यांच्या छातीवर वीटकरी पट्टा आणि डोळ्यांवरून काळी पट्टी आली होती. बाकदार चोचीचे काही तुतवार गळ्यापासून पोटापर्यंत विटेसारखे लाल झाले होते. काहींचा पोशाख अर्धाच झालेला, ठिगळे लावल्यासारखा.

रंगाहून मोठा बदल आत चाललेला असतो, तो दिसत नाही. हे पक्षी या दिवसांत अधाशासारखे खातात आणि चरबी साठवितात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे चार कॅलरी उष्णता मिळते, तर एक ग्रॅम चरबीपासून नऊ. आणि उडणाऱ्याला ओझे कमीत कमी हवे. चरबी जळताना शरीरात पाणीही तयार होते, ते वाटेत कामी येते. पाणटिवळ्यांच्या बाबतीत असे आढळले आहे की, निघण्यापूर्वी त्यांचे जठर व आतडी आखडून लहान होतात, कारण वाटेत जेवण नाही तर स्वयंपाकघर कशास वाहून न्यायचे? अलास्कातून निघणाऱ्या पाणटिवळ्यांच्या शरीराचा निम्म्याहून अधिक भाग निव्वळ चरबीचा असतो. २०२२ साली अशाच एका पाच महिन्यांच्या पिल्लाच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसविले होते. ते अलास्काहून उडाले ते थेट टास्मानियात उतरले: १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस, मध्ये कोठेही न थांबता. आपल्या किनाऱ्यावरच्या पाहुण्यांना एका दमात इतका पल्ला मारावा लागत नाही. पण त्यांचाही रस्ता हजारो किलोमीटरांचा असतो आणि तो या चरबीवरच कापायचा असतो.

हे सारे आम्ही मुलांना सांगत होतो, आणि तेवढ्यात घडू नये ते घडले. थवा पन्नास पावलांवर आला होता. मागच्या दोघा मुलांना दुर्बिणीची पाळी लवकर येईना. त्यांनी मोबाइलवर छायाचित्र घेण्यासाठी धूम ठोकली. क्षणात सारा थवा उठला. शेकडो पक्षी एकाच वेळी वळले, पांढरे चमकले, पुन्हा वळले, करडे झाले. दृश्य इतके सुंदर होते की, बाकीच्या मुलांनी टाळ्या पिटल्या. आणि खरे सांगायचे तर आम्हीही क्षणभर पाहतच राहिलो. दोष मुलांचा नव्हे. "जवळून पाहायला मिळेल" हे वाक्य आदल्या रात्री आमच्याच तोंडून दहा वेळा निघाले होते.

थवा पलीकडच्या टोकाला उतरला. त्यानंतर आम्ही मुलांना निराळे काम दिले: पुढच्या एका तासात तो किती वेळा उठतो ते मोजायचे. रविवार होता, ऊन चढू लागले तशी माणसे वाढली. एकदा मोकाट कुत्री धावली, एकदा कोणी चेंडू मारला, एकदा एक कुटुंब हात पसरून थव्यामधून पळाले व कोणी त्यांचे चित्रण केले. वहीत नोंद झाली सात. सात वेळा उठणे म्हणजे सात वेळा चरणे मोडले आणि साठविलेली चरबी सात वेळा खर्ची पडली. भरतीच्या वेळी तर त्यांना जागाच थोडी. उभ्या उभ्या विसावा घ्यायचा तोही मिळाला नाही. तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांमुळे तो एकदाही उठला नव्हता, ही नोंद त्याच आठवीतल्या मुलीने आपण होऊन खाली लिहिली होती.

हे पक्षी जातात कोठे, हे माणसाला कळले कसे? पूर्वी यावर तऱ्हेतऱ्हेचे तर्क होते. युरोपात पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या तळाशी झोपतात असेही लोक मानीत. १८२२ साली जर्मनीत एक करकोचा मारला गेला, त्याच्या मानेत एक लांब भाला आरपार रुतलेला होता आणि तो भाला आफ्रिकेतला होता! बिचारा ते शस्त्र मानेत घेऊन समुद्र ओलांडून परतला होता. तो पेंढा भरून रोस्टॉक येथील विद्यापीठात ठेवलेला आहे. पुढे १८९९ साली डेन्मार्कमधल्या व्हीबॉर्ग गावी मॉर्टेनसेन नावाच्या गृहस्थांनी पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमची क्रमांक घातलेली कडी चढवून त्यांना सोडून देण्याचा उपक्रम पद्धतशीर सुरू केला. ते गृहस्थ शाळामास्तर होते, हे येथे नमूद केल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

आपल्याकडे हे काम मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीने केले. ही संस्था १८८३ सालची. तिच्या मोठ्या मोहिमेचे निमित्त आपल्या कर्नाटकातलेच आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि माणसांनाही तो ताप आला. रोगाचे विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूंशी जुळते होते. तेव्हा उत्तरेकडून येणारे पक्षी गोचिडांबरोबर तो आणतात की काय, असा संशय आला. त्याचा छडा लावण्यासाठी डॉ. सालिम अली यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्षी पकडून कडी घालण्याचे काम हाती घेतले. आरोपीच्या शोधात प्रवाशाचा पत्ता लागला म्हणायचा! अशा नोंदींतून, आणि आता उपग्रहांतून, आपल्या पाहुण्यांची गावे कळली आहेत. मोरजीच्या चिखल्यांतील पुष्कळ लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर जातात; विटेसारखे लाल झालेले तुतवार सैबेरियाच्या अगदी उत्तर टोकास. आणि आपल्या मार्कंडेयाचा तुतवार काश्मीर-गढवालच्या ओढ्यांकाठी किंवा त्याहून दूर मध्य आशियात.

मग पाणी आटले म्हणून ते जातात का? नाही. मोरजीस पाणी कधी आटत नाही, तरी ते जातात. जून-जुलैत उत्तर ध्रुवाजवळ सूर्य मावळत नाही. बर्फ वितळून सारा प्रदेश दलदलीचा होतो आणि डास-किड्यांचे अक्षरशः ढग उठतात. पिल्लांना वाढविण्यास याहून भरलेले कोठार नाही. आईबाप भरवीत बसत नाहीत. अंड्यातून बाहेर येऊन अंग सुकले, की पिल्लू स्वतः धावून टिपू लागते. दिवस चोवीस तासांचा, म्हणून जेवणही चोवीस तास. पण हा सुकाळ सहा-आठ आठवड्यांचाच. यांतील पुष्कळ जातींत मोठे पक्षी आधी निघतात आणि पिल्ले मागाहून, वाट न पाहिलेली, वाटाड्या नसलेली. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या आधारे ती दिशा धरतात. आमच्या व्यवसायातल्या माणसाने यावर काय बोलावे? शिकविणारा कोणी नाही आणि उत्तर बरोबर!

मात्र प्रवासाचा प्रत्येक टप्पा शाबूत असला पाहिजे. एका टोकाचा चिखल भराव घालून बुजविला, की दुसऱ्या टोकाचे घरटे ओस पडते. चीन व कोरिया यांमधल्या पीतसमुद्राच्या काठी असे भराव फार झाले. २०२४ साली जागतिक निसर्गसंरक्षण संघाने किनाऱ्याच्या पक्ष्यांच्या सोळा जाती पूर्वीपेक्षा अधिक धोक्याच्या यादीत घातल्या. त्यांत आम्ही मोरजीस पाहिलेला तो विटेसारखा लाल तुतवारही आहे. बारीक चोचीचा कोरल नावाची एक जात होती. १९९५ साली मोरोक्कोत ती निश्चितपणे शेवटची दिसली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ती कायमची नष्ट झाल्याचे जाहीर झाले. आपल्या बाजूस थोडी आशेचीही बातमी आहे. कुमठ्याजवळची अघनाशिनी नदीची खाडी २०२४ साली रामसर कराराच्या आंतरराष्ट्रीय यादीत आली. मुंबईजवळची ठाण्याची खाडी २०२२ सालीच आली होती. गोव्यातील खाजने, म्हणजे खाडीकाठी बांध घालून व मानशीने खारे पाणी अडवून केलेली भातशेते, हीही या पक्ष्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची खानावळ. बांध फुटले, शेती सुटली, की तीही बंद पडते.

सव्वाअकराच्या सुमारास वाळूची जीभ निम्मी बुडाली. उरलेल्या पट्ट्यावर थवा एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून, वाऱ्याकडे तोंड करून उभा होता. आम्ही लांबूनच वळसा घालून परतलो. यांतील सर्वच जातात असे नाही. गेल्या वर्षीची कोवळी पाखरे पुष्कळदा मागे राहतात, त्यांना अजून घर मांडायचे नसते. म्हणून भर जूनमध्येही किनाऱ्यावर एखादा राखी चिखल्या किंवा कोरल दिसतो.

काकतीस आल्यावर मुलांनी डोहाकाठी रोज नोंद ठेवण्याचे ठरविले. ९ मे रोजी तुतवार दिसला. १० मेपासून दिसला नाही. डोहात त्या दिवशी गुडघाभर पाणी होते, तेही वहीत लिहिले आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली, नदी भरून आली, वही कपाटात पडली. १३ ऑगस्टला मधल्या सुट्टीत ती मुलगी धापा टाकीत आली आणि वही मागू लागली. नदीकाठच्या बांधावर शेपटी हलवीत कोणी एकटाच फिरत होता.